कप्तान परत फिरतो

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पण परवा माझ्या साडूच्या तेरवीला, त्याच्याच अंगणातल्या मांडवात, त्याच्याच घरची बुंदी खात लोक त्याला बाताड्या म्हणाले आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. म्हणून आता लिहून टाकतो. माझ्या साडूइतका खरं बोलणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात झाला नाही. तो विक्षिप्त होता, हट्टी होता, चारचौघांत बायकोला लाजेनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढायला लावणारा होता. बाताड्या नव्हता!

तिरोड्याला त्याचं कापडाचं दुकान होतं, पण त्याचा जीव अडकला होता टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेत. गल्लीत एकच टीव्ही असायचा त्या काळी लागलेली ती अंतराळयानाची मालिका. दर आठवड्याला नवा ग्रह, पण कप्तान तोच. लोक तिला विसरूनही गेले. हा विसरला नाही. त्यातही त्याची भक्ती पहिल्या कथेवर. "पहिली नाही पाह्यली, त काहीच नाही पाह्यलं," असं तो गिऱ्हाइकालासुद्धा ऐकवायचा, आणि हा नियम त्यानं सगळ्या जगाला लावला होता. साड्या उलगडून दाखवणं चालू असताना मध्येच एखादी बाई दुकानात आली, तर हा सगळ्या साड्या घडी करून ठेवायचा आणि पहिल्या साडीपासून पुन्हा सुरू करायचा. आधीच्या बाया वैतागून समोरच्या दुकानात जायच्या. एका लग्नाला आम्ही उशिरा पोचलो, मंगलाष्टकं अर्ध्यावर आली होती. हा अक्षता मुठीत धरून थेट भटजींपाशी गेला. "महाराज, सुरुवात हुकली आमची. एकडाव पहिल्यापासून होऊ द्या." नवरदेव घामानं निथळत होता, पण भटजींनी खरोखर पहिल्यापासून म्हटली! स्कूटर सुरू करण्याआधी तो मोठ्यानं उलटी गिनती करायचा. शून्य आला आणि गाडी सुरू झाली नाही, की उतरून, पुन्हा बसून, पुन्हा दहापासून. माझी मेहुणी मागच्या सीटवर देवाचं नाव घेत बसलेली असायची.

आता ती पहिली कथा सांगतो, कारण सगळं भांडण तिथलं आहे. यान एका उजाड ग्रहावर उतरतं. तिथे एक विहीर असते. तिच्यात हाक मारली की प्रतिध्वनी येतो, पण उलटा. आधी उत्तर येतं, मग हाक मारायची. कप्तानाच्या हातून त्याचा एक सोबती मेलेला असतो. तो विहिरीपाशी जातो, तोंड उघडण्याआधीच आतून त्या सोबत्याचा आवाज येतो, "जा, माफ केलं." कप्तान घाबरून यानात पळतो. इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे कप्तान परत फिरतो की नाही, यावरून तालुक्यातल्या चार-पाच भक्तांत वर्षानुवर्षं हमरीतुमरी चालली.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. माझ्या गावच्या मंडईला ही भक्तमंडळी यायची, आणि सारं गाव दंडारीपुढे बसलेलं असताना माझ्या ओसरीवर घसा फोडायची. रेडिओ दुरुस्त करणारा एक जण विरोधी पक्षाचा पुढारी. तो म्हणायचा, "यान उड गया, खतम! तो कायले वापस येते?"

"उत्तर घेतलन आणि हाक न देताच गेला?" माझा साडू तडकायचा. "असा कसा जाईल? मानूस हाय का कोन हाय तो? वापस येते, विहिरीत वाकते आणि माफी मागते. मी पाहिलो ना!"

नवं शतक लागायच्या सुमारास त्याला नागपूरच्या एका गिऱ्हाइकाकडून त्या कथेची कॅसेट मिळाली. दुसरी प्रत तेव्हा कुठेच मिळत नव्हती. तिच्यावर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून कडेची प्लॅस्टिकची टिकली त्यानं स्वतः मोडली आणि मंडईच्या आदल्या दिवशी कॅसेट माझ्याकडे आणून दिली, कारण व्हीसीआर माझ्याकडे होता. "दादा, जपून ठेवजा. उद्या सगळ्याइचे तोंड बंद करतो." तो गेल्यावर मी ती लावून पाहिली. कप्तान परत फिरतो. विहिरीत वाकतो, माफी मागतो. माझा साडू शब्दन् शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी मंडईचं उद्घाटन, आणि समितीचा अध्यक्ष मी. भाषणाला उभा राहणार, तोच व्हिडिओवाला म्हणाला, "गुरुजी, कॅसेट संपली." मी घरी धावलो. मोडलेल्या टिकलीच्या जागी माझ्या या हातांनी चिकटपट्टी लावली आणि कॅसेट त्याला दिली. चूक म्हणावी तर चिकटपट्टी चुकून लागत नाही. फेटा बांधून मी जे बोललो ते त्या पहिल्या कथेवर भरलं गेलं. ते भाषण आजतागायत कोणी पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही.

दुपारी मंडळी टीव्हीपुढे बसली. साडूनं माझ्याकडे हात पसरला. "दादा, आणा."

"काय आणू? तू मला कुठे दिली कॅसेट?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "तुम्ही म्हणता त नसन देल्लो." रेडिओवाला मांडी थोपटून हसला. मेहुणी आतून ओरडली, "घरीच विसरले असाल, नाही त नसनच काही!" त्या दिवसापासून तो बाताड्या झाला. मी केला.

पुढे मोबाइल आले. एका मंडईला रेडिओवाल्यानं पहिली कथा इंटरनेटवरून शोधून आणली. त्या फोनभोवती सगळे डोकी भिडवून बसले. यान उडालं आणि कथा संपली. "पहा!" साडू पुटपुटला, "शेवट कापला हाय." जे हसू उसळलं, ते मी ऐकलं. त्याच्याशिवाय मीच एकटा असा होतो ज्यानं शेवट पाहिला होता, आणि मी पाहुण्यांना पाणी आणायला आत गेलो! रेडिओवाल्यावर काय चिडायचं? त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

यंदा तो अंथरुणाला खिळला, तेव्हा ठरवून गेलो. दुकान बंद होतं, तो मागच्या खोलीत पडून होता. मी खाटेजवळ स्टूल ओढलं, घसा साफ केला. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या, दादा. कॅसेटीचं मले केव्हाचंच माहीत हाय. जा, गाडी चुकेल तुमची."

मी उठलो, चप्पल घातली आणि स्टेशनवर आलो. गाडी यायला वेळ होता. फलाटावर बसून मी तिरोड्याच्या रस्त्याकडे बघत राहिलो. त्याचं घर चालत जाण्यासारखं जवळ होतं.

कप्तान परत फिरतो, विहिरीत वाकतो, माफी मागतो. मी स्वतः पाहिलं आहे. गाडी आली, आणि मी चढलो.