रंगुबाईच्या दाढेचा फोटो

आमच्या खर्ड्याच्या रंगुबाईला कुणी भित्री म्हणालं, तर मी त्याच्या तोंडावर हसेन. शेजारच्या लग्नात डीजेची वायर उपटून "माझी म्हस बिथरली, आता वाजव बरं" असं म्हणणारी ही बाई. पण जामखेडच्या दातांच्या दवाखान्यात एका दाढेचा फोटो काढायची वेळ आली, तेव्हा ती खुर्चीतून उठून सरळ दाराकडे निघाली. का, ते तिनेच मला नंतर सांगितलं. मी शेजारीण, माझ्यापासून तरी किती दिवस लपवणार?

रंगुबाईचं वय बेचाळीस. मुलाचं, सचिनचं, लग्न गेल्या वर्षी झालं. सून निकिता आली आणि लवकरच तिला दिवस गेले. घरात तिच्या डोहाळजेवणाची बोलणी चालली होती आणि नेमकं तेव्हाच खुद्द सासूबाईंनाही दिवस गेले होते. पाळी चुकली तेव्हा रंगुबाईला वाटलं, जायचंच वय झालं आता. मग मळमळायला लागलं. माहेरी जाते सांगून ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली आणि येताना एसटीत मान वर करायची तिची हिंमत झाली नाही. नवऱ्याला, बजरंगरावांना, तिने तेवढं सांगितलं. ते "बघू" म्हणाले आणि टेम्पो घेऊन भाड्यावर गेले.

सुनेबरोबर सासूही बाळंतीण होणार, म्हणजे आमच्याकडे गावभर चघळायला विषय. मी तरी काय मोठी शहाणी? मला आधी कळलं असतं तर मीही नळावर पदरात तोंड घालून हसलेच असते. रंगुबाईला हे पक्कं ठाऊक होतं. ती ढगळ ब्लाउज घालायला लागली, ओकारी आली की पित्ताचं नाव सांगायला लागली. सुनेच्या पोटाकडे बघितलं तरी तिला स्वतःची शरम वाटायची.

अशात तिची खालची दाढ ठणकायला लागली आणि गाल टम्म सुजला. घास चावता येईना. शेवटी बजरंगरावांनी सासू-सुनेला टेम्पोतून जामखेडला नेलं. दवाखान्याच्या जिन्यापाशी सोडून ते बाहेरच थांबले.

डॉक्टर मॅडमनी आरशात दाढ बघितली, तिच्यावर हलकेच टकटक केली. रंगुबाई कळवळली. मॅडम म्हणाल्या, "कीड वरून एवढीशीच दिसते. पण मुळाशी पू किती साठलाय, हाड किती पोखरलंय, ते एक्सरेशिवाय नाही कळायचं. त्यावरच ठरेल दाढ वाचवायची की काढायची."

एक्सरेच्या खोलीत भिंतीवर पाटी होती, 'गरोदर महिलांनी आधी सांगावे'. रंगुबाई सातवी पास. तिने पाटी वाचली आणि तिच्या अंगाला घाम फुटला. मशीन चालवणारी यशोधरा नावाची मुलगी निकिताचं पोट बघून पटकन म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर थांबा हं." मग रंगुबाईकडे वळून हसली. "तुम्हाला काय विचारायचं, मावशी! आता आजी होणार तुम्ही."

बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आता तोंड उघडावं तर कसं? यशोधराने तोंडात धरायची चकती जवळ आणली आणि रंगुबाई उठलीच. "मला न्हाई काढायचा फोटू."

"आत्या, आवं फोटूच हाय, सुई न्हाई काय!" निकिता दारातून म्हणाली. "एवढ्या लांब आलो आन् आता भ्या वाटतंय व्हय तुमाला?"

भित्री तर भित्री. रंगुबाईने ते नावही गपचूप अंगाला लावून घेतलं.

मॅडमनी समजावून बघितलं. शेवटी कंटाळून कागद पुढे ओढला. "बरं, तूर्त ठणक्यावर जोराची गोळी देते. पण सूज अशी अंगावर काढू नका." आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली.

रंगुबाई त्या पेनाकडे बघत राहिली. फोटो टळला होता, पण गोळी पोटात जाणार होती. पोटातल्या जिवाचा तिने चार महिने नुसता राग राग केला होता. तरी त्याला काही झालं तर, या विचाराने तिला राहवेना.

"मॅडम," ती खाली बघत म्हणाली, "ही गोळी आमच्या निकितानं खाल्ली तर चालंल का?"

"त्यांनी? मुळीच नाही. या दिवसांत ही गोळी चालत नाही. पण दाढ तुमची दुखतेय ना?"

रंगुबाईने पदर ओढून तोंडावर घेतला.

"मग मला बी न्हाई चालायची."

निकिताला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती लालबुंद झाली आणि भिंतीकडे बघायला लागली. रंगुबाई म्हणते, त्या घडीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

मॅडम तेवढ्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या. दाढेच्या फोटोला किरण अगदी थोडे लागतात, पोटावर शिशाचं एप्रन घातलं की काळजी नाही, गोळ्या बदलून देते. यशोधरा तर रडकुंडीलाच आली होती. तिने ते जड एप्रन दोन्ही हातांनी रंगुबाईच्या अंगावर नीट घातलं. क्षणात दाढ कॉम्प्युटरवर उमटली. मुळाच्या टोकाशी काळी सावली होती. पू होता, पण हाड शाबूत होतं, दाढ वाचणार होती. रंगुबाईचं तिकडे लक्षच नव्हतं.

जिन्यात निकिता थांबली. "आत्या, मला लई लाज वाटतीय."

"मला बी, बाई."

"ह्यांना कोन सांगनार?"

"तूच सांग सचिनला. मला तोंड न्हाई."

निकिताने सासूचा दंड धरला आणि तिला घेऊन खाली आली. बजरंगराव टेम्पोला टेकून वडापाव खात होते. निकिता सासऱ्यांसमोर कधी वर बघून बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली.

"मामा, घरी गेल्यावर तुमच्या लेकाला तुमीच सांगायचं. आत्या न्हाई सांगनार, मी बी न्हाई."

बजरंगरावांनी इकडेतिकडे बघितलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बारीक आवाजात म्हणाले, "आगं, मी कसं सांगू? मला लाज वाटती."

रंगुबाईचा गाल सुजलेला, शब्द धड फुटत नव्हते. तरी ती म्हणाली, "वाटू द्या की. चार महिनं मी एकलीच लाजतीय."