पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव

सांगोल्याच्या शाखेत आम्हा दोघींतल्या एकीला जावं लागणार, हे साहेबांनी आधीच सांगितलं होतं. दोघी म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातली मी आणि शेजारच्या टेबलावरची ताई. सख्खी नव्हे, पण सात वर्षं एकमेकींच्या डब्यात जेवलेल्या आम्ही. माझी आई आंधळी. सोलापुरातलं घर तिच्या हाताला पाठ आहे. किती पावलांवर मोरी, कुठल्या फळीवर चहाचा डबा, सगळं. तिला तिथून हलवायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा आंधळी करायचं. ताईला हे ठाऊक होतं. आमच्याकडे दहादा जेवून गेलेली बाई ती!

पालकांना हजेरीचे मेल पाठवायला मी सात-आठ ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून एंटर मारलं की सगळ्यांना मेल गेले. ताई एकेक मेल करत दिवस घालवायची, म्हणून तिलाही शिकवलं. बरं, शिकवून गप्प बसावं ना! पण नाही. "ताई, पाठवणाऱ्याच्या जागी कुणाचंही नाव, पत्ता टाका, आपला सर्व्हर निमूट घेतो," हेही सांगून बसले. तिच्या नावानं मलाच एक मेल धाडून दाखवला, 'आज भाजी माझ्याकडची.' लई हसलो दोघी.

पंधरा दिवसांनी साहेबांनी छापलेला कागद पुढे केला. 'सांगोल्यास जाण्यास मी स्वखुशीने तयार आहे.' खाली माझं नाव, वर माझा मेलचा पत्ता.

"तुम्हीच पाठवलाय की," साहेब म्हणाले. "जरा वेळानं येते," म्हणून बाहेर आले.

ताई जागेवर नव्हती. तिच्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट उघडली. पाठवणाऱ्याच्या जागी मी! बयेनं पुसायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. हिच्यापुढे मला रडूच आलं असतं. साहेबांना सांगावं तर हिची नोकरी जाणार, घरी दोन शाळकरी पोरं. तिनं आपणहून 'चुकून गेला' म्हणावं, मी तिचं नाव काढणार नाही, असं ठरवलं आणि ती आल्यावर समोर बसले.

"ताई, निदान माझ्या आईचा तरी विचार करायचा होता."

"केला की," ती म्हणाली. "माजी पोरं हितल्या शाळंत हायत. तुज्या आईला कुटं काय दिसतंय? आंधळ्या माणसाला सोलापूर काय नि सांगोला काय."

मी उठले, साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तिचं नाव सांगितलं.