सगळ्या वाडीची एकच रजा

अगं ये, अशी जवळ बस. पुण्याहून गावाला यायला एक दिवस लागतो, तो तुला तीन वर्षांत सापडला नाही. मी मात्र हे गुडघे घेऊन कुवेतला जाऊन आले!

विमानातून कुवेत दिसलं ते परातीत सांडलेल्या नाचणीच्या पिठासारखं. विमानतळाबाहेर पाय ठेवला, तर चुलीचं तोंड उघडल्यासारखा वारा. माझा धाकटा, सुधाकर, न्यायला आला होता.

तो इमारतींत एसीची हवा खेळवणारे पत्र्याचे नळ बसवतो. एकट्याने सुरू केलं, आता हाताखाली आठ माणसं, आठही आपल्या वाडीतली. आपल्या तालुक्यात रोजगार मेळावे होतात की! मागच्या मेळाव्यात मांडववाल्याला दोन दिवस काम मिळालं. बाकीच्यांना कुवेतच्या जलीब अल शुयूख या वस्तीतली सुधाकरची खोली गाठावी लागली.

तिथे खुब्ज (तंदूरची मोठी रोटी) आणि कुळथाची पिठी, असा थाटाचा बेत. जेवता जेवता सुधाकर म्हणाला, "आई, मीना अब्दुल्ला भागातलं काम महिन्यात पुरं झालं तर पुढचं मोठं कामही मलाच. नाही झालं, तर आहे तेही जाईल."

"मग करा की!"

आठही जण ताटात बघायला लागले. शेवटी त्यांतला दत्ता म्हणाला, "काकी, पंधरा दिवसांवर गणपती."

आठांचीही तिकिटं काढलेली! आणि 'आपलीच माणसं ठेव हो' असं फोनवर बजावणारी थोर सल्लागार कोण? मीच.

दुसऱ्या दिवशी सुधाकरबरोबर मीना अब्दुल्लाला गेले. कामावरचा केरळी इंजिनिअर मला म्हणाला, "अम्मा, आपके गाव में सबकी शादी एक ही दिन है क्या?"

"शादी नहीं बाबा, गणपती आता है."

"तो गणपती को बोलो, एक महिना बाद आए."

बाप्पाला तारीख बदलायला सांगणारा हा पहिलाच. मी त्याच्या वतीने कान पकडले.

परतताना खोलीखालच्या बकाल्यात (किराणा दुकानात) टेकले. दुकानदार हसनभाई दाभोळचे. त्यांच्या बायकोने झुबैदी तळून पुढे केला. आपलं पापलेटच ते, परदेशात नाव बदलून राहतंय. मी रडगाणं गायले, तर हसनभाई हसत सुटले.

"काकी, माझे दोन भाचे नि मेहुणा हेच काम करतात. जुन्या मालकाने मोकळं केलंय, नवीन जागा शोधतायत. गणपतीत ते कामावर उभे राहतील, तुमचे परत आले की सगळे मिळून पुरं करतील. ईदला तुमचे उभे करा."

सुधाकर घुटमळला. "आई, वाडीतले काय म्हणतील?"

"वाडीतले मोदक खात असतील, त्यांना बोलायला तोंड कुठे मोकळं? घे!"

एकाच विमानाने आम्ही नऊ जण गावी आलो. सुधाकर मात्र तिथेच राहिला. घरच्या गणपतीची पूजा यंदा त्याच्यावाचून झाली. विसर्जन करून आठही जण परत गेले, नि आठवड्याने त्याचा फोन आला, "आई, काम वेळेत झालं. पुढचंही मिळालं. अजून चार माणसं लागतील."

"दोन आपली घे, दोन हसनभाईंना विचार," मी म्हटलं. "आणि सगळ्यांना रजा वाटतोस, स्वतःला कधी देणार?"

पुढच्या गणपतीला येतो म्हणालाय. तूही ये हो बाये, त्याच्या आधीच ये. वाट बघणाऱ्या दोघी असल्या की दिवस लवकर सरतात.