बोटाला गार लागलेली पट्टी

बोटकाकांना गल्लीत कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. हे टोपणनाव त्यांच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं, चिडवायला म्हणून. पण ते इतकं चिकटलं की शेवटी पाटीवरही तेच रंगवावं लागलं. दुकान दोघा भावंडांचं. एका बाजूला ताईचं झेरॉक्सचं मशीन आणि वह्या-कागदांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला काकांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं टेबल, आणि मधे एकच पंखा. त्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून दोघांची रोज जुंपायची. लग्न दोघांनीही केलं नाही. "याला सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले, आणखी एक कुठून आणू?" असं ताई गिऱ्हाइकांना सांगायची, तेही काकांच्या तोंडावर.

काकांची कामाची एक रीत होती. मशीन दुरुस्त झालं की झाकण उघडंच ठेवून ते चालू करायचं, त्याच्यावर भरपूर काम लादायचं आणि थोड्या वेळाने तापणाऱ्या भागावर उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवायचं. डोळे मिटायचे. मग "जातंय" किंवा "नाही जात", एवढाच निकाल. जातंय म्हणजे उष्णता बाहेर पडतेय, मशीन न्यायला हरकत नाही. आकडे दाखवणारे प्रोग्रॅम असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण आकडा बघून तापमान सांगणाऱ्याला ते कारागीर मानायलाच तयार नव्हते. आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्यांच्या कामात खोट काढायला कुणाला जागा मिळाली नव्हती. माणूस जरा हेकट होता, पण हात सोन्याचा होता. तो हात म्हणजेच त्यांचं दुकान, त्यांची अब्रू आणि त्यांचं म्हातारपण.

अलीकडे तर काका फारच खुशीत होते. पूर्वी दहातलं एखादं मशीन पुन्हा खोलावं लागायचं; हल्ली सगळी पहिल्या फटक्यात पास. बोट लावलं की गार.

"हात आणखी बसला बघ ताई," ते म्हणायचे.

"म्हातारपणी हात सुधारतो हे पहिल्यांदाच ऐकतेय," ताई म्हणायची. "त्यापेक्षा एकदा रक्त तपासून ये. साखर वाढली असेल तर तीही पहिल्या फटक्यात कळेल."

काका या कानाने ऐकायचे आणि त्या कानाने सोडून द्यायचे.

त्या दिवशी सकाळी इमारतींचे नकाशे काढणारी बाई तिचं मशीन ठेवून गेली. तिचं दुधाने तोंड पोळलेलं होतं. आधीच्या दुकानात तिच्या मशीनमध्ये फायली साठवणारी नवी ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी बसवली, वर उष्णता ओढून घेणारा हीटसिंकही लावला, पण त्याच्या खालच्या मऊ पॅडवरची प्लॅस्टिकची फिल्म काढायला विसरले. आतल्या आत ड्राइव्ह शिजली आणि एका अख्ख्या इमारतीचं काम बुडालं. जाताना ती जरा चाचरत म्हणाली, "काका, तुमच्या बोटाबद्दल ऐकलंय मी. पण स्क्रीनवरचा आकडासुद्धा बघाल ना? माझ्यासाठी?"

काकांना ते झोंबलं. पण बाईचा चेहरा बघून त्यांनी होकार दिला.

काम तसं पोरखेळाचं. जळालेलीच्या जागी आणलेली, च्युइंगगमच्या पट्टीएवढी नवी ड्राइव्ह त्यांनी मदरबोर्डवरच्या खाचेत तिरकी सरकवली आणि हलकेच खाली दाबली. हीटसिंक हातात घेतला, पॅडवरची फिल्म नखाने धरून सोलून काढली आणि ती कंगोऱ्यांची ॲल्युमिनियमची पट्टी ड्राइव्हवर नीट टेकवली. राहिला एवढासा स्क्रू. तो त्यांच्या बोटांतून निसटला. उचलला, पुन्हा निसटला. "पेचकसाचं चुंबक मेलंय," ते पुटपुटले. स्क्रू बसला. मशीन चालू झालं, आणि त्यांनी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर मोठमोठ्या फायली हलवायला लावल्या.

स्क्रीनवरचा आकडा चढू लागला. पन्नास. साठ. सत्तरच्याही पुढे गेला. काकांनी बोट टेकवलं, डोळे मिटले.

गार.

त्यांनी डोळे उघडून आकडा पाहिला आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. खाली ड्राइव्ह तापलेली आणि वरची पट्टी गार, याचा अर्थ एकच: उष्णता वर पोचत नाही. म्हणजे मधे काहीतरी आहे. म्हणजे फिल्म. पण फिल्म तर आपण काढली! की काढली असं नुसतं वाटलं?

मशीन बंद करून त्यांनी लगेच स्क्रू काढला आणि पट्टी उचलून उलटी केली. पॅड स्वच्छ होतं. फिल्मचा मागमूस नव्हता. शिवाय ड्राइव्हच्या चिपांचे ठसे पॅडवर व्यवस्थित उमटलेले, म्हणजे पट्टी टेकतही होती.

"काय रे, काय झालं?" पलीकडून ताईने विचारलं.

"काही नाही. पॅड बोगस आहे."

त्यांनी नवं पॅड लावलं. आकडा पुन्हा चढला, बोटाला पुन्हा गार. मग हीटसिंकच बदलला. आपल्या कपाटातला जाडजूड हीटसिंक काढला, जो त्यांनी स्वतःच्या मशीनसाठी जपून ठेवला होता. तोही गार. काहीतरी चुकतंय आणि ते या डब्यात नाही, असं त्यांना आतून वाटत होतं. पण ते वाटणं त्यांना नको होतं. म्हणून ते कंपनीवर चिडले, पॅडवर चिडले, आकड्यावर चिडले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते काही उगीच नाही.

"हा आकडाच खोटारडा आहे," त्यांनी टेबलावर हात आपटला. "सत्तर म्हणे! बर्फासारखी लागतेय पट्टी. ये, तूच बघ हवं तर."

ताई कुरकुरत उठली. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत तिने बोट टेकवलं आणि ओरडूनच मागे घेतलं.

"आई गं! अरे, काय हे! तवा आहे का काय?"

काका हसले. तिला नाटकं करायची सवय होतीच. पण ताई हसली नाही. ती बोट तोंडात घालून चोखत होती आणि तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं होतं. काकांनी पुन्हा पट्टीला बोट लावलं, आणि या वेळी ते उचललंच नाही. दाबून धरलं. ते वाट बघत राहिले.

"काढ!" ताईने त्यांचं मनगट धरून खेचलं. त्यांचा हात उजेडाकडे वळवून तिने बोटाचं टोक पाहिलं. कातडी पांढरी पडली होती आणि मधोमध मसुराएवढा फोड आला होता. तो आत्ताचा नव्हता. त्याच्या शेजारी एक जुना, वाळलेलाही होता.

"हा कधीचा?"

"कुठला?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हता.

ताईने तो हात तसाच धरून ठेवला. साखरेने खंगलेल्या आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं होतं. आईच्या पायाला अशीच एकदा गरम पाण्याची पिशवी रात्रभर चिकटून राहिली आणि सकाळी ताईने पांघरूण काढलं तेव्हा आई म्हणाली होती, पिशवी केव्हाच निवली गं, दुसरी भर. त्यानंतर एकेक करून आईचं काय काय गेलं ते त्या घरात कुणी पुन्हा बोललं नाही.

काका मात्र दुसऱ्याच हिशेबात अडकले होते. या मशीनला काहीच झालेलं नव्हतं, पहिल्यापासूनच. पट्टी आपलं काम चोख करत होती. मग गेल्या आठवड्यात जी मशीनं गार लागली ती? त्याच्या आधीची? दवाखान्याचं, शाळेचं, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिक्षकांचं? सगळी पहिल्या फटक्यात पास झालेली, सगळी या क्षणी कुठे ना कुठे बंद डब्यात चालू असलेली. त्यांना भीती वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी.

"ताई, हे साधं असेल ना? पेचकस धरून धरून बधिर झालं असेल."

"असेल," ती म्हणाली. तिचा आवाज भलताच मऊ होता आणि काकांना तेच आवडलं नाही. "बस इथे. हात टेबलावर ठेव, पालथा नको, उताणा. आणि डोळे मीट. आईला डॉक्टर करायचे तसं करते. टोचलं की सांग."

काकांनी डोळे मिटले. ताई तिच्या बाजूला जाऊन काहीतरी घेऊन आल्याचं त्यांनी ऐकलं. मग स्टूल सरकलं. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. काका थांबले. ती घाबरलीय, हात उचलत नाहीय तिचा, असं त्यांना वाटलं आणि बहिणीची जरा कीवही आली.

"अगं, टोच की," ते म्हणाले. "मी काय मरतोय का?"

स्टूल जरासं करकरलं.

"ताई, घाबरू नकोस गं. कर सुरुवात."

आणि मग करंगळीला काहीतरी बारीक टोचलं. काका आनंदाने ओरडलेच. "हं! हे बघ! टोचलं! बघ, लागलं की नाही? उगीच घाबरवतेस!"

त्यांनी डोळे उघडले. ताईच्या हातात टोक काढलेली पेन्सिल होती आणि ती तोंडावर पदर धरून बसली होती. काकांच्या करंगळीवर पेन्सिलचा एक काळा ठिपका होता. बाकीच्या चारही बोटांवर तीन-तीन होते.