आल्डोला न आठवलेला सामना

कोरल लग्न होऊन क्वीन्सलँडच्या या ऊसगावात आली तेव्हा लोकांनी तिचं नाव विचारायच्या आधी गाव विचारलं. ती ग्राफ्टनची, म्हणजे न्यू साउथ वेल्सची निघाली आणि तिथेच तिचं बारसं झालं: झुरळ. क्वीन्सलँडमध्ये दक्षिणेकडच्या त्या शेजारच्या राज्यातल्या सगळ्यांनाच झुरळ म्हणतात. ते लोक यांना उसातले बेडूक म्हणतात, त्यामुळे कुणी कुणाचं देणं लागत नाही. तिची सासू इटलीहून आलेली, तिला रग्बीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तीही पहिल्याच दिवशी म्हणाली, "झुरळ तर झुरळ. स्वयंपाकघरात येऊन बस म्हणजे झालं."

नवरा आल्डो फुर्लान साखर कारखान्यात फिटर होता. गळीत हंगामात अंगाला मळीचा वास घेऊनच घरी यायचा. शनिवारी नदीकाठच्या क्लबकडून खेळायचा, पुढे दोन हंगाम ब्रिस्बेनला जाऊन खेळला, आणि एका वर्षी त्याची राज्याच्या संघात निवड झाली. दर हिवाळ्यात या दोन राज्यांत होणाऱ्या, ओरिजिन नावाच्या रग्बी मालिकेतल्या तीन सामन्यांसाठी. ज्याने जिथे पहिल्यांदा मोठ्यांची रग्बी खेळली त्याने त्या राज्याकडून खेळायचं, मग एरवी तो समोरच्या संघातल्याच्या शेजारी बसून एकाच क्लबात कपडे का बदलत असेना. वर्षभर मित्र असलेली माणसं त्या तीन संध्याकाळी एकमेकांच्या बरगड्या मोडायला निघतात. गावात त्या दिवशी दुकानं लवकर बंद होतात आणि पाद्रीसुद्धा क्वीन्सलँडच्या मरून रंगाचा मफलर घालतो.

त्या वर्षी एक सामना यांनी जिंकला, एक त्यांनी. तिसरा ब्रिस्बेनला. कोरलच्या पोटात तेव्हा लोरेटा होती. मरून स्वेटर ताणून ताणून पोटावर बसवून ती प्रेक्षकांत बसली होती. क्वीन्सलँड दोन गुणांनी पुढे होतं आणि सामना संपत आला होता, तेवढ्यात आल्डो एकाला पाडायला खाली वाकला आणि त्या माणसाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आल्डो तोंडावर पडला. हात अंगाखाली तसेच अडकलेले. संघाचा माणूस बादली आणि ओला स्पंज घेऊन धावला, नाकाखाली काहीतरी हुंगायला धरलं. आल्डो उठला. उठला आणि उलट्या दिशेला तोंड करून उभा राहिला. केव्ह स्ट्रॅकन नावाचा त्याचा सोबती होता, त्याने खांदे धरून त्याला फिरवला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या.

आणि मग तो प्रसंग. निळ्यांचा, म्हणजे न्यू साउथ वेल्सचा, सर्वांत वेगवान गडी चेंडू घेऊन कोपऱ्याकडे सुटला; रेषेपलीकडे टेकवला की सामना त्यांचा. समोर कुणी नाही, फक्त आल्डो. आल्डोने स्वतःला त्याच्यावर असं फेकलं की दोघंही रेषेबाहेर, झेंड्याची काठी मोडून, जाहिरातीच्या फळीवर जाऊन आदळले. मालिका क्वीन्सलँडची.

सामन्यानंतर आल्डोने कोरलला विचारलं, "जिंकलो का गं आपण?"

"जिंकलो की."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. सगळे हसत होते. कोरलही हसली. तिचं वय तरी काय होतं.

आल्डोला तो प्रसंग कधीच आठवला नाही. सुरुवातीला तो तसं सांगायचा, पण लोकांना ते आवडायचं नाही. त्यांना वाटायचं हा उगाच विनय करतो. मग तो शिकला. पेपरात वाचून, चित्रफीत बघून, केव्हच्या तोंडून ऐकून त्याने स्वतःचा पराक्रम पाठ केला, आणि पबमध्ये कुणी बिअर पुढे सरकवली की हातवारे करून सांगू लागला. घरी मात्र एकदा बुटाची नाडी सोडता सोडता तो म्हणाला होता, "कोरल, मला ते सांगताना दुसऱ्या कुणाचे कपडे घातल्यासारखं वाटतं."

पन्नाशीच्या अलीकडेच काहीतरी बिनसायला लागलं. कारखान्यात त्याने एक पंप खोलला. हजारदा खोललेला पंप. तो त्याला परत जोडता येईना. हाताखालची पोरं जेवून आली तरी हा सुट्या भागांसमोर मांडी घालून बसलेला. मग एक दिवस गाडी घेऊन तो लहानपणीच्या घरी गेला. ते घर कधीच विकलं होतं. तिथल्या बाईला त्याने दारात उभं राहून झापलं, माझ्या आईचं आंब्याचं झाड कुणाला विचारून तोडलंस म्हणून. बाई घाबरली. पोलीस आला, पण त्याने आल्डोला ओळखलं, त्याच्यासोबत फोटो काढला आणि त्याला घरी आणून सोडलं.

रागीट तो कधीच नव्हता. आता तो ताट भिरकावायचा. मग तासाभराने भिंतीवरचा सॉसचा डाग बघून विचारायचा, "हे कुणी केलं?"

टाउन्सव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या माराचा परिणाम आहे हा, बहुधा. खात्रीने सांगायचं तर माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच. गावात कोरल हे कुणाला सांगायला गेली की समोरचा म्हणायचा, "माझा काकाही असाच झाला होता, आणि तो आयुष्यभर पोस्टात होता."

ओरिजिनची मालिका पुन्हा एकदा बरोबरीत आली त्या जुलैमध्ये क्लबचा अध्यक्ष ग्लेन मॅबट घरी आला. हातात केकचा डबा, बायकोने दिलेला. क्लबने मैदानालगत प्रेक्षकांसाठी नवी इमारत बांधली होती आणि तिला आल्डोचं नाव द्यायचं ठरलं होतं. बुधवारी संध्याकाळी तिसऱ्या सामन्याआधी समारंभ, मग मोठ्या पडद्यावर सामना.

"त्याने काही बोलायचं नाही," ग्लेन म्हणाला. "खुर्चीत बसायचं, हात हलवायचा."

"हात हलवतो तो," कोरल म्हणाली. "पोस्टमनला हलवतो. पोस्टाच्या पेटीलाही हलवतो."

ग्लेन कसनुसा हसला. "केव्ह स्ट्रॅकन येतोय खास. लोकांचं फार प्रेम आहे हो त्याच्यावर."

"मला दोन मिनिटं बोलायला द्याल?"

"कशावर?"

"तुमच्याकडे पोरं खेळतात ना, त्यांच्या डोक्यांवर. मार बसला की बाहेर काढा, हसू नका, एवढंच सांगायचंय."

ग्लेनने डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "देऊ की. दोन मिनिटं काय, देऊ की."

एवढ्यावर ती तयार झाली. त्यांची लेक लोरेटा तर आधीपासूनच तयार होती, फोनवर म्हणाली, "मम, डॅडला गर्दीत किती बरं वाटतं. तूच त्याला घरात कोंडून ठेवतेस."

"तू ठेवून बघ आठवडाभर तुझ्याकडे."

लोरेटाने बुधवारी किती वाजता यायचं ते विचारलं आणि फोन ठेवला.

बुधवारी कोरलने आल्डोची दाढी केली, त्याला जुना मरून कोट घातला. दंडात आता तो ढगळ झाला होता. क्लबच्या अंगणात सॉसेज भाजत होते, कांद्याचा धूर सगळीकडे पसरला होता, आणि जो तो येऊन आल्डोच्या पाठीवर थाप मारत होता. आल्डो प्रत्येकाला म्हणत होता, "कसं काय, दोस्ता?" हे एक वाक्य त्याच्याकडे उरलं होतं आणि ते कुठेही चालायचं. लोक एकमेकांना सांगत होते, अरे तो तर ठीक आहे, बायकोच उगाच बोंबलते. कोरलला ते ऐकू आलं. ऐकू यावं इतक्या मोठ्याने ते बोललं गेलं होतं.

मंचावर आल्डो आणि केव्ह बसले. केव्ह आता टक्कल पडलेला, गुबगुबीत, टाउन्सव्हिलमध्ये गाड्या विकणारा. माइक हातात घेऊन त्याने तो किस्सा सुरू केला. गेली कित्येक वर्षं तो जेवणावळींत हाच किस्सा सांगत आला होता हे त्याच्या सफाईवरून कळत होतं.

"तर हा उठला," केव्ह म्हणाला, "आणि मी विचारलं, आल्डो, स्कोअर काय? तर म्हणतो, मंगळवार."

सभागृहात हशा पिकला.

"डॉक्टर बाजूला उभा राहून हात करतोय, बाहेर आणा म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर, आज याला मंगळवार वाटतोय तर वाटू दे, मला फक्त उरलेला वेळ हा उभा हवाय."

पुन्हा हशा. कोरलच्या शेजारी बसलेल्या बाईने हसता हसता तिच्या गुडघ्यावर हात आपटला. डॉक्टरचं हे कोरलने आजवर ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं केव्ह घरी यायचा, तिच्या हातचं जेवायचा, आणि हा भाग त्याने पुरुषांच्या जेवणावळींसाठी राखून ठेवला होता. ती लोरेटाकडे वळली. लोरेटाही हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर चित्रफीत सुरू झाली. गुडघा, कानशील, अंगाखाली अडकलेले हात. केव्हने माइक आल्डोच्या हातात दिला होता, शेवटी सगळ्यांनी मिळून ओरडताना त्यानेही काहीतरी ओरडावं म्हणून. आल्डो पडद्याकडे टक लावून बघत होता. पडद्यावरचा तो तरुण गडी उठला, उलट्या दिशेला तोंड करून उभा राहिला.

"कोण आहे तो?" माइकमधून आल्डोचा आवाज आला.

लोक हसले.

"त्याला लागलंय," आल्डो म्हणाला. "बाहेर काढा त्याला. अहो, कुणीतरी बाहेर काढा ना त्या पोराला."

आता फक्त मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं, आणि तेही मध्येच थांबलं. पडद्यावर झेंड्याची काठी मोडली. एरवी त्या क्षणी छप्पर उडायचं. या वेळी तुरळक टाळ्या पडल्या. केव्हने आल्डोच्या हातातून माइक काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण आल्डोची मूठ सुटेना. कोरल मंचावर चढली. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि माइक स्वतःकडे घेतला.

"ग्लेन, माझी दोन मिनिटं," ती म्हणाली.

ग्लेन घड्याळाकडे बघत पुढे आला. "कोरल, संघ मैदानात येतायत हो. मध्यंतरात घेऊ. नक्की."

तेवढ्यात कुणीतरी माइक बंद केला आणि पडदा ब्रिस्बेनच्या मैदानाकडे वळला. सगळं सभागृह एका दमात उठून ओरडायला लागलं, सुटका झाल्यासारखं. कोरलने आल्डोला हाताला धरून मागच्या दाराने बाहेर काढलं. लोरेटा आली नाही. तिने भुवया उंचावून विचारलं, आत्ताच? आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. केव्ह मात्र गाडीपर्यंत आला.

"कोरल, तो नुसता किस्सा आहे गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "छान सांगतोस."

क्वीन्सलँडने तो सामना जिंकला. इमारतीवर आल्डोचं नाव लागलं. मध्यंतरात द्यायच्या त्या दोन मिनिटांचं नाव ग्लेनने पुन्हा कधी काढलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आल्डो न्यूमोनियाने गेला. शवपेटीवर मरून झेंडा, चर्चमध्ये पडदा, पडद्यावर तीच चित्रफीत, या वेळी गुडघ्याचा भाग कापलेला. सुरुवात थेट धावण्यापासून. कोरलने मेंदू तपासणीला दिला. त्यावरून लोरेटाशी कडाक्याचं भांडण झालं.

"डॅडला शांतपणे जाऊ दे ना, मम."

"शांतपणे गेला असता तर दिला नसता."

डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला. कोरलने ते क्लबला कळवलं. ग्लेनने समितीसमोर ठेवतो म्हणून सांगितलं, आणि गावात एवढंच पसरलं की फुर्लानच्या बायकोला क्लबवर खटला भरायचाय, शेवटी दक्षिणेकडचीच ती. तिच्या मनात खटला नव्हता. पण आता तसं सांगायला जाण्यातही काही अर्थ उरला नव्हता.

त्या हिवाळ्यात लोरेटाने आपल्या मुलीचं, टेसचं नाव क्लबच्या मुलींच्या संघात घातलं. टेस तेरा वर्षांची, आजोबांसारखीच रुंद खांद्यांची. "डॅडच्या नावाच्या इमारतीसमोर खेळेल ती," लोरेटा म्हणाली. "शनिवारी येशील बघायला?"

"नाही."

कोरल गेली नाही. पण सामना संपल्यावर टेसच घरी आली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात सॉसेज-पाव. नॅन, आम्ही जिंकलो, म्हणून स्वयंपाकघरात खुर्चीवर धपकन बसली आणि बोलत सुटली. डाव्या भुवईवर लाल वळ उठला होता. कोरलने बर्फ आणला, फडक्यात गुंडाळला, आणि तिच्या कपाळावर धरला.

"डोकं दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांग."

टेसने खाणं थांबवलं आणि आजीकडे बघितलं. "नाही म्हटलं ना, नॅन. पुढच्या शनिवारी मोठा सामना आहे."

कोरलने तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला आणि तिच्या डोळ्यांत निरखून बघत राहिली. काय बघायचं असतं ते तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.