आधी दार, मग भिंत

करमाळ्याच्या विहंगने कोलकात्यात, न्यू टाउनच्या ऑफिसात बसून बागबाजारच्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर असा काही सुरक्षित केला, की चोरांबरोबर तोही बाहेरच राहिला. फायरवॉल सुरू करण्याआधी आपल्यापुरती वाट मोकळी ठेवायची, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. गड्याने आधी भिंत उभी केली, मग लॉगआउट केलं. परत शिरायला गेला, तर सर्व्हर ओळखच दाखवीना. पेशंटचे रिपोर्टही आतच अडकले.

मग काय, बस पकडून बागबाजार गाठलं. लॅब सांभाळणाऱ्या यामिनीताई, जन्माने कोलकात्याच्या पण घरात मराठी टिकवलेल्या, मशीनमधून निघालेले कागद हातात धरून एकेका पेशंटला फोनवर आकडे वाचून दाखवत होत्या.

"या सरदार! पेशवाईत मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला कलकत्त्याच्या लोकांनी इथूनच खंदक खणला होता. तू तर स्वतःचा स्वतःच खणलास!"

"खंदक झकास आहे, ताई. पूल टाकायचा राहिला."

मागच्या खोलीत सर्व्हरला कीबोर्ड जोडून तो काळ्या पडद्यासमोर बसला, तोच त्याच्या कंपनीच्या मालकांचा, दिलीपदांचा फोन.

"ती फायरवॉल बंद कर. कायमची. इतकी वर्षं तिच्यावाचून काय अडलं होतं?"

"काहीच अडत नव्हतं, दादा, म्हणून तर कोण कुठले लोक रोज पासवर्ड चाचपून बघत होते. लॉगमध्ये त्यांच्या नोंदींची रांग लागलीय."

"आणि आजची चूक कोणाची?"

"माझी. भिंतीची नाही."

"बंद कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

विहंगची बोटं थबकली. नोकरी लागल्याचे पेढे करमाळ्यात वाटून वर्षही झालं नव्हतं. बंद करायला एवढीशी कमांड पुरली असती. त्याने दुसऱ्याच दोन ओळी लिहिल्या: एक रिपोर्टच्या वेबसाइटला वाट देणारी, दुसरी फक्त न्यू टाउनच्या ऑफिसातून येणाऱ्याला. भिंत जागच्या जागी.

"उघडले रे रिपोर्ट!" बाहेरून यामिनीताई ओरडल्या.

"ऐकलंत ना, दादा? उद्या येऊ की नको, ते उद्या सांगा. पण भिंत पाडायला दुसरा माणूस बघा. मी पाडणार नाही." फोन त्यानेच ठेवला.

निघताना यामिनीताईंनी वाट अडवली. "सकाळपासून वाचून वाचून घसा बसला माझा. एकदा तरी 'चुकलो' म्हण!"

"मालकाला म्हटलंय की."

"मालकाचा घसा नाही बसला."

विहंगने बॅग खांद्याला लावली. "तेवढं तुमचं 'चुकलो' राहिलं, ताई," म्हणाला आणि बस पकडायला पळाला.