चौकार गेला बापूसाहेब, उठा!

“उठा बापूसाहेब, चौकार गेला! बसून काय राह्यले? अध्यक्ष तुम्ही, पहिली उठबस तुमची!”

भोंग्यातून हा आवाज फुटला तेव्हा सारं गाव शाळेच्या मैदानात पडद्यासमोर बसलेलं होतं. वर्ल्ड कपची फायनल होती. पडदा इतका मोठा की बॉलरनं धाव घेतली की पुढच्या रांगेतले म्हातारे घाबरून बाजूला सरकायचे. अगदी समोर एक सोफा, सोफ्यावर कडक इस्त्रीतले बापू देशमुख, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. आणि शेजारी पदर कमरेला खोचून, गळ्यात शिट्टी, हातात माइक घेतलेल्या आमच्या पीटीच्या इंगळेबाई. सोफा विहिरीसारखा खोल होता. बापूंना त्यातून वर काढायला दोन माणसं लागली. ती दोन माणसं बाईंनी सकाळीच नेमून ठेवली होती.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. स्टाफरूममध्ये बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर माझी अर्धी नोकरी गेली, म्हणून अधिकारानं सांगतो, की बाईंची शिट्टी वाजली की तिकडे जळगाव जामोदच्या स्टँडवर ड्रायव्हर लोक एस.टी. रिव्हर्सला टाकायचे. यात थोडी हवा भरलेली असेल. पण सायकलची ट्यूबसुद्धा हवेशिवाय चालत नाही.

बाई राग धरायच्या, आणि तो लोणच्यासारखा मुरवायच्या. एका मुख्याध्यापकांनी खेळाचा तास काढून गणिताला दिला. पुढं सव्वीस जानेवारीला त्यांनी मोठ्या आदरानं साहेबांना संचलनाच्या पुढं उभं केलं, ‘तेज चल’ म्हटलं, आणि ‘थम’ म्हटलंच नाही. बँडच्या तालात मुख्याध्यापक फाटकाबाहेर गेले, बाजारातून गेले, पिंपळगाव राजाच्या रस्त्याला लागले. तिथल्या पोरांनी म्हणे त्यांना झेंड्याला सलामी द्यायला बोलावलं. सोमवारी खेळाचा तास परत आला होता.

“बाई, आता जाऊ द्या ना,” असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, “कसं जाऊ देऊ सर? माह्या डोक्यात जागा लय हाये. कोणाचं सामान बाहेर फेकाची गरजच पडत नाही.”

त्या डोक्यात सगळ्यात जुनं सामान होतं ते बापूंचं.

बाई याच गावच्या. मैदानाच्या पलीकडं बौद्ध वस्ती आहे, तिथं त्यांचं घर. शाळकरी वयात त्यांनी वस्तीतल्या आणि गावातल्या मुलींची कबड्डीची टीम जमवली होती. चांगली जमली होती. जिल्ह्याच्या स्पर्धेला बुलढाण्याला जायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात तरुण बापू ट्रॅक्टर घेऊन मैदानात शिरले. सरावाच्या रेघांवरून ट्रॅक्टर गेला आणि बरोबर मधल्या रेघेवर मळणीचं थ्रेशर उभं राहिलं. मुली समोरच होत्या. बापू वरूनच म्हणाले, “पोट्ट्यायले काऊन पाह्यजे मैदान? घरी आंगण हाये ना, झाडत राहा!”

सराव बुडाला. बुलढाण्याला टीम पहिल्याच सामन्यात हरून आली. थ्रेशर मात्र तिथून हललं नाही. त्याच्या शेजारी नांगर आले, पाइप आले, पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग आले. पुढं बाई पीटीच्या शिक्षिका होऊन गावात परतल्या. लोक बदलीसाठी साहेबांच्या पाया पडतात. ही बाई बदली होऊ नये म्हणून साहेबांशी भांडली. का, ते मला एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं. “त्या माणसाले याच मैदानात पळवल्याबिगर मी गाव सोडत नाही.”

अर्ज करून झाले, मोर्चा झाला, पऱ्हाटी वाढतच गेली. मग वर्ल्ड कप आला.

वर्ल्ड कप आला की आमच्या गावाला एक रोग होतो. शेतातली कामं थांबतात आणि भज्यांच्या कढया पेटतात. दवाखान्यातले डॉक्टर कपाळाला हात लावायचे, कारण गावात शुगर आणि बीपी पिकाला पाणी मिळाल्यासारखं वाढत होतं. बाई म्हणायच्या, “मैदानात अकरा जण पळून राह्यले, इथं पाचशे जण भजे खाऊन राह्यले, अन् म्हणते काय, तर ‘आपण’ जिंकलो!”

एके दिवशी त्यांनी किराणा दुकानात, बापूंचा गडी तेल घेत असताना, सहज मोठ्यानं म्हटलं, “पिंपळगाववाले फायनलले मोठा पडदा लावून राह्यले म्हणते. आपल्या गावात कोणाची ऐपत हाये?”

एवढंच. संध्याकाळी बापूंनी चावडीवर जाहीर केलं, की आपल्या गावात त्याच्या दुप्पट पडदा लागेल, खर्च माझा. पण लावायचा कुठं? मोकळी जागा गावात एकच, आणि ती मोकळी नव्हती. मग बापूंच्याच ट्रॅक्टरनं, बापूंच्याच माणसांनी, बापूंचंच सामान मैदानातून बाहेर ओढलं. पऱ्हाटीच्या ढिगात एक आख्खी बैलगाडी निघाली. एक साप निघाला, तो म्हणे चष्मा लावून होता.

बाई तोवर बापूंच्या वाड्यावर गेल्या, हात जोडून. “बापूसाहेब, डॉक्टरसाहेब म्हणून राह्यले, खेळ पाहता पाहता लोकायनं जरा आंगही हालवावं. चौकाराले उठबशा, छक्क्याले मैदानाची एक चक्कर. तुम्ही अध्यक्ष, तुम्ही सांगतलं तर गाव ऐकते.”

बापू फुलले. उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, “जे मी करीन, तेच समदे करतीन!” टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात बाईंनी वाजवल्या.

आणि त्या दिवशी आपल्या बॅट्समनांच्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे. चौकारामागून चौकार! चौथ्या-पाचव्या ओव्हरपर्यंत गाव हसत होतं. नंतर मांड्या बोलायला लागल्या. इतकं देशभक्त आमचं गाव, पण लोक हळूच म्हणू लागले, “एक-एक काढ न बे, काऊन मारून राह्यला!” एक बॉल नुसता अडवला तर माझ्या शेजारच्या माणसानं त्या बॅट्समनला आशीर्वाद दिला. पुढं समोरच्या टीमची बॅटिंग आली तेव्हा बापूंनी केविलवाणं विचारलं, “बाई, त्यायच्या चौकारालेही उठा लागते?”

“बॉलले देश नसते, बापूसाहेब. उठा.”

मग छक्का गेला. सारं गाव धावायला उठलं, पुढं बापू. बाई त्यांच्या शेजारून शिट्टी वाजवत पळत होत्या, आणि आवाज लोण्यासारखा मऊ. “हे पाहा, इथं तुमचे पाइप होते. पाय उचला. इथं पऱ्हाटी. दमू नका. अन् हे मंधात, बापूसाहेब, इथं तुमचं थ्रेशर होतं. इथं जरा जोरात.”

बापू बरोबर मधल्या रेघेच्या जागी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. कुर्ता पाठीला चिकटलेला, तोंड उघडं. बाईंनी पाणी मागवलं, पण आधी माइक त्यांच्या तोंडाशी धरला. “बापूसाहेब, आजपासून हे मैदान रोज गावाले मोकळं, नाही का?”

नाही म्हणायला कारण सांगावं लागतं आणि कारण सांगायला दम लागतो. बापूंच्या छातीत एकाच शब्दापुरती हवा उरली होती.

“हाव,” बापू म्हणाले.

तो ‘हाव’चा होकार भोंग्यातून दुसरबीडपर्यंत ऐकू गेला. मॅच कोण जिंकलं ते मात्र गावात अजून कुणाला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बापूंचा गडी थ्रेशर परत उभं करायला घेऊन आला, तर मैदानात पांढऱ्या फक्कीनं रेघा मारलेल्या, मुली कबड्डी खेळताहेत, कडेनं बायका चकरा मारताहेत. थ्रेशर आल्यापावली वळलं. आणि काही दिवसांनी डॉक्टरांच्या धाकानं खुद्द बापू बूट घालून तिथं चालायला आले. वर्षभरात त्यांचं पोट आत गेलं, शुगर उतरली, एक गोळी बंद झाली. मी आनंदानं ही बातमी बाईंना सांगितली. त्यांनी डबा आपटला. “मी त्याले दमवाले निघाली सर, अन् हा मेला जवान होऊन राह्यला!”

बाई आता अकोल्याला लेकीकडं असतात. निवृत्तीच्या दिवशी सकाळी त्या शेवटचं मैदानावर आल्या होत्या, शिट्टी घेऊनच. बापू चालता चालता थांबले. टोपी काढली. सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तवा तुमच्या रेघायवर ट्रॅक्टर घातला, ते चुकलंच माह्यं. आता जाता जाता मनात ठेवू नका.”

मुली खेळायच्या थांबल्या. मला वाटलं, या एका वाक्यासाठी ही बाई जन्मभर या गावात थांबली होती. बाईंनी बापूंकडं बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं, शिट्टी पदरानं पुसली, आणि विचारलं,

“चकरा झाल्या का तुमच्या?”